पंचेचाळीसच सांगा

"वय किती म्हणालात?" मॅनेजरने विचारलं.

"पंचेचाळीस," कॉलरबाईने ठसक्यात सांगितलं. नजर मात्र सुईवरून हलू दिली नाही.

निघताना सुनेने बजावलं होतं, "आई, पंचेचाळीसच सांगा. आणि जास्त बोलू नका." यातलं पहिलं जमण्यासारखं होतं. दुसरं तिला जन्मात जमलं नव्हतं.

शर्टांच्या जुन्या कारखान्यात तिने आयुष्यभर नुसत्या कॉलरीच शिवल्या, म्हणून हे नाव पडलं. तो कारखाना बंद पडला आणि बाई घरी बसली. आता चष्म्याची काडी मोडली तरी लेकापुढे तोंड उघडावं लागे, आणि लेक म्हणे, "बघू." ज्याला नाक पुसायला शिकवलं, त्याचं ते "बघू" तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. इथे काम लागलं तर ते ऐकायची पाळी येणार नव्हती.

मॅनेजर लेकापेक्षाही लहान होता. नमुन्याची म्हणून शिवायला दिलेली कॉलर त्याने उलटीसुलटी केली, टोकं दाबून पाहिली.

"हात छान आहे, मावशी. उद्यापासून याल?"

"आजच बसते की."

"फक्त एक आहे. बायका चार दिवस येतात आणि मग दांड्या मारतात. पोराला ताप, पोराची शाळा. तुमचं तसं नाही ना?"

दांड्या म्हटल्यावर बाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्याशी दांडीचं बोलायचं नाही. लेकाचं लग्न झालं, दुसऱ्या दिवशी मशीनवर होते मी. आणि पोरांचं काय घेऊन बसलात? नातवाला मिसरूड फुटलंय माझ्या, कॉलेजात जातो. मला कोण अडवणार?"

मॅनेजर मनातल्या मनात करत असलेली वजाबाकी तिला त्याच्या तोंडावर दिसली. तिने जीभ चावली, पण बोलून झालं होतं.

"मग पंचेचाळीस कसे हो, आजी?"

एका दमात मावशीची आजी झाली.

"एकसष्ट. कॉलरीत कुठे दिसले का?"

"हातात खोट नाहीच. पण वरून सांगितलंय, पन्नाशीच्या आतल्याच घ्यायच्या. उद्या तुम्हाला काही झालं तर..."

"व्हायचं ते घरी बसूनच होईल."

"आराम करा की आता. नातवंडं खेळवा."

"मिसरूडवालं खेळवू?"

पलीकडच्या मशीनवरची पोरगी फिसकन हसली. मॅनेजर हसला नाही. "कळवतो," म्हणाला. त्या "कळवतो"चा अर्थ तिला याआधी काम मागितलेल्या दोन कारखान्यांनी चांगला शिकवला होता.

ती उठली. नमुन्याची कॉलर त्याने एव्हाना तयार मालाच्या गठ्ठ्यावर ठेवली होती.

"ही ठेवून घेता होय?"

"चांगली आहे ना," तो सहज बोलून गेला.

पोरीने हात लांबवून ती उचलली आणि शर्टाला लावायला घेतली. बोलण्याच्या नादात टोकाचा एक धागा कापायचा राहिला होता.

"थांब गं," बाई म्हणाली. पोरीच्या मशीनवरची कात्री घेऊन तिने धागा बेताने कापला, कात्री जागच्या जागी ठेवली आणि दाराकडे वळली. मागे मशीन सुरू झालं.