वर्णमातली चार मिनिटं

बाईंचं नाव झालं ते एका चुकीमुळे, आणि हे त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. मोठं सभागृह, पहिल्या रांगेत गुरुजी. वर्णम, म्हणजे भरतनाट्यमच्या कार्यक्रमातली सगळ्यात लांब आणि अवघड रचना, अर्ध्यावर आली आणि बाईंच्या डोक्यातून पुढचं सगळं पुसलं गेलं. गायिका हुशार, तिने एकच ओळ घोळवत ठेवली. बाईंचे पायही थांबले नाहीत, पण ते काय करत होते हे बाईंना नंतर कधीच आठवलं नाही. चार मिनिटांनी विसरलेलं सापडलं आणि कार्यक्रम पार पडला.

दुसऱ्या दिवशी समीक्षकाने त्या चार मिनिटांवरच अर्धा रकाना खर्ची घातला. ‘विलक्षण साधेपणा’, असं त्याने लिहिलं. गुरुजींनी ते वाचून पेपरची घडी घातली.

“विसरलीस ना?”

“हो, गुरुजी.”

“बोलू नकोस कुणाजवळ. आता निमंत्रणं येतील.”

आली. बावीस वर्षं येत राहिली. दर ठिकाणी कुणीतरी ‘ती चार मिनिटं’ मागायचं आणि बाई म्हणायच्या, “ते त्या दिवसाचं होतं.” लोकांना हे फार खोल वाटायचं.

पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि बाईंनी मंच सोडला. सुताराच्या कारखान्यावरच्या हॉलमधला क्लास मात्र चालू राहिला; खाली करवत, वर पाय. तिथली सगळ्यात जुनी शिष्या, जिला सगळ्या ‘थोरली’ म्हणत, हात धुऊन मागे लागली.

“बाई, तुम्ही शिकवलं नाहीत तर ते तुमच्याबरोबरच जाईल.”

“जाऊ दे. तेवढीच सोबत.”

थोरली कसली ऐकते! तिने त्या कार्यक्रमाला साथ करणाऱ्या मृदंगवाल्या काकांना शोधून आणलं. काकांना सकाळची गोळी घेतली की नाही हे सुनेला विचारावं लागे, पण ती चार मिनिटं त्यांना तोंडपाठ होती.

“विसरेन कसा? आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. हिच्या पायांवरून नजर हलवली नाही.”

ते बोल म्हणत वाजवू लागले. बाई खुर्चीत अंग चोरून ऐकत होत्या. तेवढ्यात पहिल्या वर्षाच्या मुलींतली धाकटी उठली आणि नाचू लागली. एक पाय इकडचा तिकडे नाही.

“तुला गं कसं येतं?” थोरलीने विचारलं.

“हे तर पहिल्या महिन्यात शिकवलंय आम्हाला. पहिलाच धडा.”

करवतही नेमकी तेव्हाच थांबली. भीतीने डोकं रिकामं झालं तेव्हा बाईंच्या पायांनी सरळ बाराखडी गिरवली होती. थोरलीचा चेहरा पडला. बाईंना हसू फुटलं. इतकं, की काकांना एका मुलीला पाणी आणायला पाठवावं लागलं. मग बाईंनी मुलींना सगळं खरं सांगून टाकलं.

“तरी मला शिकायचंय,” थोरली हट्टाने म्हणाली.

“मग उभी राहा.”

ती उभी राहिली. पण पंधरा वर्षांच्या सवयीने तिचे हात वेलबुट्टी काढायला लागले, मान डोलायला लागली.

“नुसते पाय,” बाई म्हणाल्या.

तीन आठवडे झाले तरी जमेना. शेवटी बाईंनी तिला पहिल्या वर्षाच्या रांगेत, धाकटीच्या मागे उभं केलं.