वजनकाट्यावरचा फोन

उज्वलाला कोणी चारचौघांत बोललं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि त्या बुधवारी तर मीनानं तिला अख्ख्या पॅकहाऊसदेखत बोलून दाखवलं. तेही तोंडानं नाही, फोनवर. "टेबल चारच्या पेट्या परत मोजा, उज्वलाताईंचा काटा चुकतोय." साठ बायकांचे फोन एकदम वाजले. कोणीतरी फिदीफिदी हसलंसुद्धा. मीना पेठकडच्या पाड्यावरून द्राक्षाच्या हंगामापुरती आलेली पोर, आणि तिनं आपल्याला शिकवावं?

पिंपळगावच्या त्या पॅकहाऊसच्या भिंती थंडावा धरायला जाड केलेल्या, आत मोबाईलला रेंज म्हणून नाही. म्हणून इलेक्ट्रिशियन संतोषनं सगळ्यांच्या फोनात एक अ‍ॅप घालून दिलं होतं. ना नेट लागे, ना सिम. ब्लूटूथ तेवढं चालू ठेवायचं. एका फोनवरचा निरोप शेजारच्या फोनवर, तिथून पुढच्या, विहिरीवरून घागरी हातोहात द्याव्यात तसा. गेटवरून आत यायला मात्र वाट एकच, ती म्हणजे दारातल्या वजनकाट्यावर बसणाऱ्या उज्वलाचा फोन. तो बंद, तर बाहेरचं बाहेर आणि आतलं आत.

हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर गुरुवारी सकाळी काट्यावर बसताच तिनं ब्लूटूथ बंद केलं. बसा आता बोंबलत, असं मनातल्या मनात म्हणाली. कोणी विचारलंच तर बॅटरी उतरली म्हणायचं, एवढी तयारी करून ठेवली होती. कोणी विचारलं नाही.

चार वाजता तिचं तिलाच हसू आलं. काटा खरंच पन्नास ग्रॅम चुकत होता, सकाळीच तिनं तो गुपचूप नीट करून घेतला होता. मग रुसायचं तरी कशाला? तिनं ब्लूटूथ चालू केलं, तसा गेटवरच्या बहिरूबाबांचा निरोप पडद्यावर आला. "मीनाच्या भावाचा मंगळूचा फोन व्हता. आई लय आजारी हाय, तुझं नाव घेती. लगेच निघ." खाली पाठवल्याची वेळ होती, दहा चाळीस.

मीना आतून धावत आली ती हातमोज्यांसकटच. संतोषनं मोटारसायकल काढली. पाडा तीन तासांवर, आणि तिची आई भिमाबाई दुपारी दोनलाच गेली होती. निरोप वेळेवर मिळता तर मीना पावणेदोनला पोचली असती. पंधरा मिनिटं का होईना, आईचा हात हातात मिळाला असता. हे गणित उज्वलानं नंतर किती वेळा केलं, त्याला सुमार नाही.

आणि बोल लागला तो बहिरूबाबांना. मुकादमानं सगळ्यांदेखत झापलं, चार पावलं चालत येऊन सांगता येत नव्हतं का म्हणून. म्हातारा गेट कसं सोडणार, टेंपोंची रांग लागलेली. शिवाय फोनवर तर "पाठवला" असं दिसत होतं. "मलाच ते नीट जमलं नसंल. माझंच चुकलं," असं तो येईल त्याला सांगत बसे. उज्वला तिथंच उभी असायची आणि तोंडातून ब्र काढायची नाही.

मी काय मुद्दाम केलं का, असं तिनं स्वतःला समजावून पाहिलं. पण केलं होतं मुद्दामच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही, कोणी तिच्या फोनकडे नुसतं पाहिलं तरी ती तो पालथा घालायची. डबा घरी तसाच परत जाऊ लागला.

बारा-तेरा दिवसांनी मीना परत आली. उज्वलानं तिला हात धुवायच्या नळापाशी गाठलं.

"मीना, त्या दिवशी माझा फोन मी बंद केला होता. ब्लूटूथ. तुझ्यावरच्या रागानं."

मीना हात धूत राहिली. "ठाऊक आहे ताई. जवळचे फोन यादीत दिसतात ना. सकाळपासून तुमचं नाव नव्हतं. म्हटलं, ताई रुसल्या. सगळ्यांसमोर लिहायला नको होतं मी. चहाच्या सुट्टीत येऊन माफी मागणार होते, पण तेवढ्यात टेबलावर माल आला."

हिनं कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं, असं उज्वलाला वाटलं. "माफी तर मी..."

"मला नका सांगू." मीनानं नळ बंद केला. तिचा आवाज कोरडा होता. "आज गेटवर बहिरूबाबा माझ्या पाया पडायला वाकले. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. त्यांना तुम्ही सांगा. मी नाही सांगायची."

गेट काही लांब नव्हतं. तेवढ्या वाटेत उज्वलानं तीनदा वाक्यं जुळवली आणि तीनदा विसरली. तिला येताना पाहून बहिरूबाबा उठले, गळ्यातल्या टॉवेलनं खुर्ची पुसून त्यांनी पुढं सरकवली.

"बसा ताई. उन्हाचं कशाला आलात? मीच आलो असतो. आता मी फोनवर काय बी लिवत नाय. कोणाचा निरोप आला की गेटाला कुलूप घालतो अन् चालत येऊन सांगतो. पुन्ना कोणाची आई माझ्यापायी नको जायला."

उज्वला बसली नाही. उभ्यानंच तिनं सांगायला सुरुवात केली.