सात मिनिटं

“किती वाजता बंद करणार म्हणालात?” हिराबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

“शुक्रवारी दुपारी अडीचला, काकू,” सृष्टी म्हणाली. “छोटासाच कार्यक्रम आहे. स्टाफ आणि थोडे रिटायर्ड लोक. पण शेवटचा स्विच ओव्हाळकाकांच्या हातूनच ऑफ करायचा, असं आमचं सगळ्यांचं ठरलंय.”

मग हिराबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

“अडीचलाच का?”

“साहेबांना नंतर मीटिंग आहे ना, म्हणून.”

सृष्टी केंद्रावरची नवी इंजिनिअर. सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे उंच मनोरा असलेलं ते रेडिओचं प्रक्षेपण केंद्र आता बंद व्हायचं होतं. लोक मोबाइलवर ऐकतात, एवढी वीज कुणासाठी जाळायची, असा हिशेब वरून आला होता. सुखदेव ओव्हाळांनी तिथं चौतीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काढली. केंद्राच्या कुंपणालगतच्या वस्तीत आधी भाड्यानं आणि मग स्वतःच्या दोन खोल्या बांधून ते राहिले. मुलगी कल्याणी लग्न होऊन वारज्याला गेली, तरी नवरा-बायकोनं जागा सोडली नाही.

सृष्टी गेल्यावर सुखदेव बराच वेळ निमंत्रणाचं कार्ड हातात धरून बसले.

“बरं झालं,” हिराबाई म्हणाल्या.

“काय बरं झालं?”

कप उचलून त्या आत गेल्या.

अडीच ही वेळ त्या घरात गेली पस्तीस-छत्तीस वर्षं सहसा कुणी उच्चारत नसे.

हिरा जत तालुक्यातली. एकुलता धाकटा भाऊ रंगराव. तो गायचा. पोटासाठी दुसऱ्याच्या रानात राबायचा, पण जयंतीला पंचक्रोशीतून त्याला बोलावणं यायचं. लग्न होऊन हिरा पुण्याला आली आणि तिसऱ्या वर्षी तिची आणि रंगरावची आई वारली. तार आली तेव्हा निवडणुकीची मतमोजणी चालू होती. केंद्र चोवीस तास चालू ठेवायचं होतं, कुणालाच रजा नव्हती. हिराच्या कडेवर तान्ही कल्याणी होती. “थांब, मी कशीतरी सुट्टी मिळवतो, दोघं जाऊ,” असं सुखदेव म्हणाले आणि सुट्टी मिळेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. गावात पोचले तेव्हा दारात रंगराव उभा होता. त्यानं भाऊजींकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आक्का, आई गेली. रेडिओवर सांगितलं न्हाई व्हय तुमच्या?”

एवढं बोलून तो आत गेला. त्यानंतर दोन वर्षं भावाची चिठ्ठी नाही, राखीला उत्तर नाही.

आणि मग मार्च महिन्यात एक पोस्टकार्ड आलं. सुखदेवांच्या नावानं. ‘भाऊजी, आमच्या भागातल्या केंद्रावर माझी निवड झाली. चौदा एप्रिलला दुपारी अडीच वाजता कार्यक्रम हाय. आई जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या म्हणायची, त्या गानार हाय. शेवटची ओवी माझी हाय, नवी. तिच्यात आक्काचं नाव घातलंय. आक्कानं ऐकावी.’

हिरानं ते कार्ड दहा वेळा वाचलं. मग म्हणाली, “मी दौंडला जाते मावशीकडं. तिच्याकडं आमच्याकडचं केंद्र स्वच्छ लागतं.”

सुखदेव हसले. “मी रेडिओवाला माणूस, आणि माझ्या बायकोनं भावाचं गाणं ऐकायला दौंडला जायचं? लोक काय म्हणतील? इथं ऐकवतो मी तुला. घरात.”

“इथं काटा कुठंबी फिरवा, तुमचंच केंद्र बोलतंय.”

“त्याला इलाज असतो.”

खरं तर त्याला फारसा इलाज नसतो, हे सुखदेवांना पंधरा दिवसांत कळलं. मनोरा घरापासून हाकेच्या अंतरावर. त्याचा जोर इतका, की रेडिओच्या पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच निवेदक. सुखदेवांनी विचार केला, दूरचं केंद्र बारीक येतं, तर तार लांब घ्यावी. त्यांनी पत्र्यापासून पलीकडच्या चिंचेपर्यंत सव्वाशे फूट तांब्याची तार ताणली आणि तिचं टोक रेडिओला जोडलं. हिरा कल्याणीला मांडीवर घेऊन समोर बसली होती. रेडिओ लावला तर आवाज घोगरा झाला, चिरकला, एकाच वेळी पट्टीवर पाच ठिकाणी तेच गाणं वाजायला लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते दादामियाँना सांगितलं. दादामियाँ कसबा पेठेतले. केंद्रावरचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ.

“अरे बाबा, तू तार वाढवलीस म्हणजे काय केलंस?” दादामियाँ म्हणाले. “लांबचं केंद्र चमचाभर जास्त आलं असेल, पण आपलं बादलीनं आलं. त्या सेटची झेप किती? तो गुदमरतो. मग चांगलं-वाईट सगळं एकात एक कालवून टाकतो. आधी आपल्या केंद्राला दारात अडव, मग तारेचं बघ.”

त्यांनी स्वतः एक कॉइल गुंडाळून दिली, जुन्या रेडिओतला फिरवायचा कंडेन्सर जोडला. तारेच्या आणि रेडिओच्या मध्ये ती जोडणी बसवून कंडेन्सर हळूहळू फिरवला, की केंद्राचा आवाज बराच दबायचा. त्याच्याखालून, लक्ष देऊन ऐकलं तर, दूरचं काहीतरी कुजबुजायचं.

“ऐकू येतंय?” सुखदेवांनी विचारलं.

“कुणीतरी बोलतंय. काय ते कळत न्हाई,” हिरा म्हणाली. मग जरा थांबून, “अहो, मी दौंडलाच जाऊ का?”

“अजून आठ दिवस आहेत. करतो मी.”

ते आठ दिवस संपले आणि आवाज होता तेवढाच राहिला. चौदा एप्रिलला सुखदेवांची दुपारची पाळी होती. निघताना त्यांनी कंडेन्सरवर पेन्सिलीनं खूण केली. “इथंच ठेव. कान लावून बस. येईल.”

पुढं जे झालं ते घरी वेगळं घडलं आणि केंद्रावर वेगळं.

केंद्रावर दोन वाजून चौतीस मिनिटांनी एकदम शांतता झाली. यंत्राची घरघर थांबली, काटे शून्यावर आले. चौदा एप्रिलचा दिवस, अख्ख्या जिल्ह्यात लोक रेडिओ लावून बसलेले. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. सुखदेव मनोऱ्याकडे धावले. पायथ्याजवळच्या खांबावर कावळ्यानं घरटं केलं होतं आणि कावळा काड्यांबरोबर तारेचे तुकडेही आणतो. त्यातला एक तुकडा लोंबून नको तिथं टेकला होता. सुखदेवांनी अर्थिंगचा दांडा लावून उरलेली वीज जमिनीत उतरवली, तुकडा काढला, परत धावत आले आणि स्वतःच्या हातानं केंद्र चालू केलं. घड्याळात दोन एक्केचाळीस झाले होते. एरवी अशा कामाला अर्धा-पाऊण तास जायचा. साहेबांनी पाठ थोपटली. दादामियाँ म्हणाले, “सात मिनिटांत! आज तू नोकरीचं सोनं केलंस.”

संध्याकाळी सुखदेव पेढ्याचा पुडा घेऊन घरी आले. हिरा रेडिओसमोरच बसलेली होती. रेडिओ बंद होता.

“अगं, आज काय झालं माहितेय? केंद्र बंद पडलं! आणि मी...”

“किती वाजता चालू केलंत?” तिनं विचारलं.

“दोन एक्केचाळीस. सात मिनिटांत. का?”

हिरा जमिनीकडे बघत बोलली. “आधी काहीच कळत नव्हतं. मग एकदम तुमचं केंद्र गेलं आणि रंगा असा आला, दारात उभा राहून गातोय असा. आईच्या सगळ्या ओव्या गायला. त्याचा श्वास ऐकू येत होता मला. मग रेडिओवरची बाई म्हणाली, आता शेवटची. त्यानं तोंड उघडलं आणि...” तिनं बंद रेडिओकडे हात केला. “दोन मिनिटं अजून लागली असती तुम्हाला, तर काय झालं असतं?”

पेढ्याचा पुडा सुखदेवांच्या हातातच राहिला.

त्या रात्री हिरा भावाला पत्र लिहायला बसली. सुखदेवच म्हणाले, “थांब. मी ऑफिसकडून पत्र टाकून त्या टेपची कॉपी मागवतो. पूर्ण ऐक, मग लिही. शेवटची ओवी ऐकलीच नाही हे कसं कळवणार त्याला?” त्यांना मनापासून भरपाई करायची होती. हिरानं पेन खाली ठेवलं. टेपसाठी मे महिन्यात एक पत्र गेलं, जूनमध्ये दुसरं. जुलैत उत्तर आलं, की ती टेप पुसून पुन्हा वापरली गेली आहे. त्याच्या पुढच्याच आठवड्यात गावाकडून निरोप आला. रंगरावला कावीळ झाली होती, सांगलीला नेईपर्यंत उशीर झाला.

या वेळी दोघं त्याच रात्री निघाले. माती झाल्यावर भावजय हिराच्या गळ्यात पडली. “आक्का, ते रोज पोस्टमनला इचारायचे वो. आक्कानं ऐकलं का न्हाई? ऐकलं आसतं तर दोन ओळी तरी टाकल्या आसत्या की.”

ओवीचे शब्द तिला येत नव्हते. रंगरावला लिहिता फार येत नसे, ते पोस्टकार्डही त्यानं दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. ओवी त्याच्या डोक्यातच होती.

हिराबाईंनी नंतर कधी भांडण काढलं नाही. संसार झाला, कल्याणी शिकली, घर झालं. कामगिरीबद्दल सुखदेवांना प्रशस्तिपत्र मिळालं, ते त्यांनी ट्रंकेच्या तळाशी घातलं. हिराबाईंनी मात्र रेडिओला पुन्हा कधी हात लावला नाही. आणि सुखदेव ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द मनात शंभरदा म्हणाले, तोंडानं एकदाही नाही.

शुक्रवारी सकाळी हिराबाई उठल्या तेव्हा ते गच्चीवर होते. चिंच केव्हाच गेली होती, तिथं चार मजली इमारत होती. तिथं वरच्या मजल्यावर राहणाऱ्या विश्वजीतला विचारून त्यांनी तारेचं टोक त्याच्या टाकीच्या पाइपाला बांधलं होतं.

“अहो, पडाल! या वयात कसली तार?”

“अडीचनंतर केंद्र नसणार. तुझ्याकडचं स्वच्छ लागेल.”

“आता तिकडं माझं कोण गातंय?” हिराबाई म्हणाल्या आणि खाली गेल्या. सुखदेवांनी तार पुरी ताणली, रेडिओला जोडली, काटा अंदाजानं ठेवला आणि रेडिओ चालू करूनच ते निघाले. घरभर केंद्राचाच चिरका, फुटका आवाज भरला होता. हिराबाईंनी तो बंद केला नाही.

केंद्रावर खुर्च्या मांडल्या होत्या. दादामियाँ जाऊन नऊ वर्षं झाली होती. ओळखीचे चार-पाचच चेहरे होते. शाल झाली, श्रीफळ झालं. मग सृष्टी एक जुनी, वाळवी लागलेली वही घेऊन उभी राहिली.

“ही आम्हाला स्टोअरमध्ये सापडली. ऐका हं. चौदा एप्रिल, चौदा चौतीस, प्रक्षेपण बंद. चौदा एक्केचाळीस, प्रक्षेपण पूर्ववत. सही, एस. ओव्हाळ. सात मिनिटं! काका, हा रेकॉर्ड नंतर कधीच मोडला नाही.”

टाळ्या झाल्या. तिनं वही त्यांच्यापुढे धरली. स्वतःचं तरणं, ठसठशीत अक्षर त्यांनी पाहिलं. सहीखाली त्या दिवशी जोरात मारलेली रेघही तशीच होती.

“काका, दोन शब्द बोला ना.”

सुखदेव उभे राहिले. “दोन मिनिटं जास्त घ्यायला हवी होती मी,” ते म्हणाले.

लोक हसले. ओव्हाळांचा विनय जुनाच, असं कुणीतरी मागून म्हणालं. सुखदेवांनी पुढे होऊन लाल बटण दाबलं. काटे खाली आले. पंखे थोडा वेळ फिरत राहिले, मग तेही थांबले. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

घरी पोचायला त्यांना साडेतीन झाले. दार लोटलेलं होतं. हिराबाई रेडिओसमोर जमिनीवर बसल्या होत्या, पुढे ताटात गवार होती. रेडिओतून एक बाई बोलत होती. आवाज लांबचा, बारीक, पण शब्दन्‌शब्द कळत होता. सुखदेव काही बोलणार, तेवढ्यात हिराबाईंनी बोट वर केलं.

कालव्याला सोमवारपासून पाणी सोडणार होते. पहिल्या पाळीत कोणती गावं, ती बाई एकेक करून वाचत होती. शेवटी तिनं कोळगिरी म्हटलं.

“आमच्या कोरड्या गावातबी कालवा आलाय,” हिराबाई म्हणाल्या.

“हं.”

“कधी आला असंल?”

“माहीत नाही.”

“कोण सांगणार म्हणा आपल्याला. तिथं आता आपलं कुणी ऱ्हायलंच न्हाई.”

सुखदेवांनी शाल काढून खुंटीला लावली. गुडघ्यावर हात ठेवून ते हळूहळू हिराबाईंच्या शेजारी खाली बसले.

“हिरा,” ते म्हणाले, “त्या दिवशी माझं...”

“दुसरी पाळी सांगतीय ती,” हिराबाई म्हणाल्या. “ऐकू द्या.”

बाई गावं वाचत होती आणि प्रत्येक नावाबरोबर हिराबाईंचे ओठ हलत होते. थोड्या वेळानं त्यांनी न बघताच ताट दोघांच्या मध्ये सरकवलं. सुखदेवांनी मूठभर शेंगा आपल्यापुढे घेतल्या आणि आवाज होऊ नये अशा बेतानं मोडायला सुरुवात केली.