अडीचशे घोडे आणि डावा पाय

माझा धाकटा भाऊ हंबीरराव याने गाडीच्या बाबतीत मला आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं. सांगलीत विश्रामबागला माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. बावीस वर्षं झाली, डॉक्टरांपासून देवळातल्या पुजाऱ्यांपर्यंत कितीतरी माणसं मी रस्त्यावर आणली. पण उंब्रजला माहेरी गेले की हाच मला शिकवणार, आक्का, घाटात गाडी तिसऱ्या गिअरवर ठेवावी. मी ऐकून घेते, माहेरचा चहा प्यायचा असतो. तर अशा माणसाचा गेल्या आठवड्यात फोन आला. ऋषीसाठी गाडी बघायची आहे, शनिवारी ये, शेजारी बसून बघ आणि काय ते तूच सांग. मला तिथेच शंका यायला हवी होती. पण मानाने बोलावलं की माणूस फुगतं, तशी मीही फुगले.

ऋषी म्हणजे ऋषिराज, हंबीररावचा एकुलता एक. तो बारावीला बसला तेव्हा बापाने सगळ्या भावकीसमोर शब्द दिला होता, नव्वदच्या वर मार्क पाड, म्हणशील ती गाडी दारात उभी करतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. पोराने एक्याण्णव पाडले. विश्रामबागच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि तो माझ्याच घरी राहायला आला. मला मूलबाळ नाही, मालकांना जाऊन सहा वर्षं झाली. या पोराने चार महिन्यांत माझ्या घरात असा काही पसारा मांडला की घर भरल्यासारखं वाटायला लागलं. मला तो आत्ती म्हणतो. नोव्हेंबरात त्याला अठरा पूर्ण झाली, शिकाऊ लायसन हातात आलं आणि बापाच्या शब्दाची वेळ झाली.

ठरलेली गाडी साताऱ्यातल्या एका कंत्राटदाराची होती. दोन वर्षं वापरलेली, परदेशी बनावटीची, निळी, क्लच नसलेली ऑटोमॅटिक. ताकद अडीचशे घोड्यांची, आणि उभ्या जागेवरून शंभरचा वेग सहा सेकंदांत. ही माहिती हंबीररावने मला फोनवर तीनदा ऐकवली. आमच्या घरचा ट्रॅक्टर पन्नास घोड्यांचा आहे, पण त्या पन्नासांच्या मागे उसाने भरलेले दोन ट्रेलर असतात. बिचाऱ्यांना उधळायला सवडच नसते. या अडीचशेंच्या मागे ओढायला काय, तर पंचावन्न किलोचा ऋषी. मी मनात नाही म्हणायचं ठरवूनच सांगलीहून निघाले होते. ती गाडी रोज संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभी राहणार होती. एखाद्या संध्याकाळी ती आली नाही तर दारात उभं राहून वाट बघणार होते मी, हंबीरराव नाही.

पण उंब्रजच्या चौकात आले आणि माझं अवसान गळालं. तिथे ऋषीच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स. ऋषी काळा चष्मा लावून, हाताची घडी घालून एका निळ्या गाडीला टेकलेला. गाडी अर्थातच कॉम्प्युटरवर चिकटवलेली. वर लिहिलेलं, 'आली रे आली, रस्त्यावरची वाघीण आली', आणि खाली तीस-पस्तीस शुभेच्छुकांचे फोटो. गाडी अजून साताऱ्यात, पैसे अजून बँकेत, आणि गावाने वाघीण आणून सोडलीसुद्धा. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी ती हीच. आता मी नाही म्हटलं तर बापाचा शब्द जाणार, चौकात पोराची टवाळी होणार आणि दोघंही वर्षभर माझ्याशी तोंड वाकडं करून बोलणार. मी तशी तोंडाची फटकळ, पण त्या फ्लेक्ससमोर माझीही जीभ आत गेली.

साताऱ्याला आम्ही तिघं माझ्या स्कूलच्या गाडीतून गेलो, ऋषी आदल्या दिवशीच उंब्रजला आला होता. माझी गाडी म्हणजे छोटी, पांढरी, चारही बाजूंनी खरचटलेली, आणि माझ्या पायाशी जादा ब्रेक असलेली. वाटेत हंबीररावचं एकच पालुपद. पोरगं बाराव्या वर्षापासून ट्रॅक्टरवर आहे, दोन ट्रेलर जोडून शेतातून बाहेर काढतं, याला ही गाडी म्हणजे खेळणं. मी म्हटलं, बाराव्या वर्षी ट्रॅक्टरवर बसवलंस हे पोलिसांना नको सांगू. ऋषी मागे गप्प बसून खिडकीतून बघत होता. मला वाटलं, गाडीच्या स्वप्नात आहे.

कंत्राटदार कामावर गेले होते. त्यांचे जुने ड्रायव्हर नाथाजी किल्ली घेऊन तयार होते. साठीचा माणूस, मोजकं बोलणारा. त्यांनी हंबीररावला रामराम केला तो ओळखीच्या माणसाला करावा तसा. मी मनात म्हटलं, आमच्या हंबीररावची ओळख कुठे नाही. गाडीला पुढून-मागून मी लाल 'एल' चिकटवले. त्या निळ्या रंगावर ते मेहुणीच्या लग्नात जावयाने केलेल्या रुसव्यासारखे उठून दिसत होते. हंबीररावने तोंड वाकडं केलं, पण नियम म्हणजे नियम. शिकाऊ माणूस चालवतोय, शेजारी मी बसणार, मागे हंबीरराव आणि नाथाजी. मी सगळ्यांना पट्टे लावायला सांगितले. मागच्या सीटवर कुणी पट्टा लावतं का, असं म्हणून हंबीररावने आपलं खरं केलं.

बसल्या बसल्या मला ऋषीचा डावा पाय दिसला. माझी सवयच ती, मी लोकांच्या तोंडाआधी पाय बघते. तो पाय खाली काहीतरी चाचपडत होता. क्लच शोधत होता, दुसरं काय. सहा वर्षांची ट्रॅक्टरची सवय. हंबीररावनेच शिकवलेलं, काही झालं की आधी क्लच दाब. या गाडीत क्लच नाही, दोनच पेडल, आणि क्लचच्या जागेपर्यंत पसरलेला ऐसपैस ब्रेक. मी त्याला डावा पाय दुमडून सीटखाली घ्यायला लावला आणि आज याला काही काम नाही म्हणून सांगितलं. त्याने पाय घेतला. माझा स्वतःचा पाय मात्र पुढे जादा ब्रेक शोधत होता आणि तिथे नुसता गालिचा होता. बावीस वर्षांत मी इतकी रिकामी कधी बसले नव्हते.

शहरातून पोराने गाडी नीट काढली. हायवेला कराडच्या बाजूला लागलो, साठचा वेग धरला. माझा जीव जरा भांड्यात पडला. चार-पाच किलोमीटर गेल्यावर पुढे डाव्या लेनमध्ये ऊस भरलेला ट्रॅक्टर दिसला, मागे दोन ट्रेलर, हंगामात नेहमीचं दृश्य. ऋषीने आरसा बघितला, इंडिकेटर दिला, उजवीकडे आला, सगळं शहाण्यासारखं. मग पुढे जायला म्हणून त्याने ट्रॅक्टरचं दाबतात तसं अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलं. ट्रॅक्टर त्यावर आधी विचार करतो, मग हलतो. या गाडीने विचार केला नाही. माझी पाठ सीटमध्ये रुतली आणि काटा शंभराच्या पुढे गेला. नेमका त्याच वेळी मागचा ट्रेलर हेलकावा घेऊन आमच्या लेनमध्ये आला.

ऋषीचा डावा पाय सीटखालून आला आणि होत्या नव्हत्या ताकदीने क्लचवर पडला. म्हणजे ब्रेकवर. टायर किंचाळले. हंबीरराव मागून येऊन माझ्या सीटवर आदळला. गाडी ट्रेलरच्या अलीकडे चार हातांवर जागच्या जागी थांबली, उसाचे शेंडे काचेसमोर डोलत डोलत पुढे निघून गेले. मागून येणारा दुधाचा टेम्पो हॉर्न दाबून ठेवत आमच्या डाव्या अंगाने इतक्या जवळून गेला की माझ्या बाजूचा आरसा त्याने घडी घालून दिला. इंजिन अजून गुरगुरत होतं, कारण पोराचा उजवा पायही तळापर्यंत दाबलेलाच होता.

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, उजवा पाय काढ, बाळा. तो काढायला त्याला वेळ लागला.

नाथाजींनी उतरून मागच्या गाड्यांना हात केला, मग स्वतः चाकावर बसून गाडी कडेला एका चहाच्या टपरीपाशी लावली. आम्ही बाकावर बसलो. हंबीररावच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. मला आता बोलायचं होतं. फ्लेक्स गेला खड्ड्यात, शब्द गेला खड्ड्यात, असं सगळं तोंडाशी आलं होतं. मी भावाकडे वळले, पण माझ्या आधी ऋषीच बोलला.

"पप्पा, मला ही गाडी नको."

हंबीररावने टेंगळावर हात दाबला.

"आज न्हाई, आधीपास्नंच नको हुती. मी नुसता मोबाइलमध्ये व्हिडिओ बघत हुतो, तुमी मागनं आला अन् म्हणाला, हीच का, घिऊ या. तुमी सगळ्यास्नी सांगून टाकलं. मग माझ्याच्यानं न्हाई म्हणवलं न्हाई. मला तिचं लय भ्या वाटतंय."

आता हंबीरराव भडकणार असं वाटून मी मधे पडायला सरसावले. पण त्याने टेंगळावरचा हात काढला आणि तोंडावर ठेवला. त्याचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं हसतोय. मग दिसलं की माझा भाऊ, भावकीच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटणारा, टपरीच्या बाकावर बसून रडत होता.

"आक्का," तो म्हणाला, "मागल्या गुरुवारी मी एकटाच येऊन ही चालवून बगितली. इचार नाथाजींना. पाय ठेवला अन् ती सुटली की गं. कडंला लावून मी धा मिनटं बसून ऱ्हायलो. पोराला मी आपल्या हातानं ह्यात बसवतोय, एवढंच डोळ्याम्होरं येत हुतं. पन शब्द दिल्याला. त्याचं त्वांड बगितलं की न्हाई म्हनवंना. म्हनून तुला बोलावलं. तू न्हाई म्हनशील म्हनून."

नाथाजी चहाच्या पेल्यात बघत नुसती मान डोलवत होते. म्हणजे सकाळचा रामराम त्या ओळखीचा होता.

मला राग आला आणि मी तो लपवला नाही. तुम्ही दोघं एकमेकांच्या हौसेसाठी मरायला निघालात आणि वाईटपणा घ्यायला आक्का सांगलीहून पेट्रोल जाळत आली, असं मी त्याला त्या टपरीवर सगळ्यांसमोर ऐकवलं. गुरुवारी तूच एवढा घाबरलास तर शनिवारी पोराला चाकावर बसवलंस कसा, तेही विचारलं. तो म्हणाला, तू शेजारी असशील म्हणून. आणि मीही फ्लेक्स बघून जीभ गिळून त्या सीटवर बसलेच होते. तिघांतलं एकही माणूस शहाणं नव्हतं. शहाणा ठरला तो एक पाय, तोही चुकून.

मग एकदम मला हसू आलं. थांबेचना. सुंठीवाचून खोकला गेला होता आणि तिघंही धडधाकट बाकावर बसलो होतो. ऋषीही हसायला लागला, मग रडता रडता हंबीरराव. टपरीवाल्याने न मागता आणखी चहा दिला. चौकातल्या लोकांना काय सांगायचं हा हंबीररावचा शेवटचा घोर होता, तो नाथाजींनी मिटवला. फ्लेक्सचं आयुष्य चार दिवसांचं, पाचव्या दिवशी त्याच चौकटीवर दुसऱ्याचा वाढदिवस लागतो, मग कुणाला आठवतंय, असं ते म्हणाले आणि चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

ऋषीची पहिली गाडी कोणती, ते मी तिथेच जाहीर केलं. माझी खरचटलेली पांढरी. सहा महिने माझ्याबरोबर, मग सहा महिने एकट्याने, फक्त घर ते कॉलेज. आणखी चार चरे पडले तरी तिला काही वाटणार नाही. त्यानंतर काय घ्यायचं ते त्याचं त्याने ठरवावं, कुणी भावकीसमोर शब्द देऊ नये. ऋषीने लगेच मान हलवली. गेले चार महिने रोज बघणारी मी, पण त्या पोराचे खांदे इतके सैल झालेले मला त्या दिवशीच दिसले.

निळी गाडी नाथाजींनी साताऱ्याला परत आणली, आरसा उघडून, 'एल' काढून ती त्यांच्या स्वाधीन केली आणि दुपारी आम्ही माझ्या गाडीतून उंब्रजला परत निघालो. ऋषी चाकावर, मी शेजारी, माझ्या पायाशी माझा ब्रेक. तो पन्नासच्या वर जात नव्हता. क्लच होता, त्यामुळे डाव्या पायालाही काम होतं. उसाचे ट्रॅक्टर दिसले की तो आधीपासूनच हळू होत होता. दहा-एक किलोमीटर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मागून सूचना येणं बंद झालं आहे. मी वळून बघितलं. हंबीररावने न सांगता पट्टा लावला होता आणि तोंड उघडं टाकून, मान खिडकीला लावून तो गाढ झोपला होता. गुरुवारपासूनची झोप असावी.

ऋषीनेही आरशातून बघितलं. पुढचा खड्डा त्याने असा काही अलगद घेतला की बापाची मान हलली नाही. बावीस वर्षांत शिकाऊ माणसाच्या हातात गाडी असताना माझ्या मागच्या सीटवर कुणीही कधी झोपलं नव्हतं.