अकरावा रकाना

माझी बायको मृदुला गेल्याचं कळलं त्या दिवशी मी बडोद्याच्या जुन्या भागात, पाणीगेटला गेलो होतो. दिवाळीच्या फराळाला लागतं म्हणून तिचं मोठं पितळी पातेलं कल्हईला दिलं होतं, ते घेऊन रिक्षानं समाला, घरी परत आलो. सोसायटीच्या फाटकाशी शेजारचे हिंमतराव उभे होते. त्यांनी पुढे येऊन माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि म्हणाले, "सदानंदराव, आधी घरात चला."

"मुग्धाला काही झालं का?" मी विचारलं. आमची मुलगी पुण्याला असते.

"मुग्धा ठीक आहे," ते म्हणाले.

मग दुसरं कोण राहिलं ते मला कळलं.

२००५ सालचा सप्टेंबर होता. मृदुला चीनमध्ये होती, सिचुआन प्रांतात. बडोद्याचे गजेंद्रभाई तिकडे टूर नेतात. बावीस माणसं आणि स्वयंपाकाला बरोबर महाराज. चेंगडू शहरात पांडांची बाग, दोन म्युझियम, जुनी देवळं, मुखवट्यांचं नाटक. शेवटचे दोन दिवस डोंगरातली रंगीत पाण्याची तळी. ती दहा हजार फुटांच्याही वर आहेत. तिथल्या चढणीवर ती खाली बसली आणि उठली नाही.

ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तीस वर्षं पोरांना कमाटीबागेत नेलं, आधी प्राणी, मग म्युझियम. निवृत्त झाल्यावर म्हणाली, "आता एकदा पोरं न मोजता प्राणी बघायचेत." पांडा तिला लहानपणापासून बघायचा होता. मी म्हणालो, पांडा बघायला कोणी चीनला जातं का? ती म्हणाली, "तुम्ही कमाटीबागेतच फिरा. तिथला वाघ तुम्हाला ओळखतो." माझा गुडघा धड नाही म्हणून मी गेलो नाही.

फॉर्म मी भरला. आमच्या घरात फॉर्म मीच भरतो. आजोबा संस्थानच्या दप्तरात होते, अक्षराचं वळण त्यांचं. मी स्वतः एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. माझ्या हातचा फॉर्म चूक म्हणून कधी परत आला नाही, हे मी सगळ्यांना सांगत असे. सोसायटीतून सात जण निघाले होते, सातही फॉर्म माझ्याकडे आले.

अकरावा रकाना आजारांचा होता. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरची चिठ्ठी जोडावी, आणि अशा प्रवाशांना डोंगराचे दोन दिवस चेंगडूतच ठेवण्यात येईल, असं खाली छापलं होतं. मृदुलाला नऊ वर्षं रक्तदाब होता. ती शेजारी बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "लिहा बीपी आहे म्हणून. मला त्या तळ्यांचं एवढं काही नाही."

मी म्हणालो, "गोळी घेतेस ना? मग आजार कुठे राहिला? उगाच चिठ्ठीसाठी दोन खेपा होतील." आणि मी 'नाही' लिहिलं. तिनं सही केली.

तिथून तिचा एकच फोन आला. आवाज खुशीत होता. "अहो, पांडा कसा खातो माहितीय? मांडी घालून बसतो आणि बांबू उसासारखा सोलून खातो. लवकर उठून जावं लागतं, दहानंतर सगळे झोपतात. आणि म्युझियममध्ये काशाचे मुखवटे आहेत, डोळे असे नळकांड्यासारखे बाहेर आलेले. तीन हजार वर्षांपूर्वीचे." मग म्हणाली, "चहाच्या बागेत एक माणूस लोकांचे कान कोरत फिरतो. तुम्हाला आणायला हवं होतं, मी बोललेलं ऐकू तरी आलं असतं."

"जेवण?" मी विचारलं.

"रोज थेपले. पांडा बरा, त्याला रोज तेच आवडतं."

मग थोडं थांबून म्हणाली, "उद्या डोंगरात जायचंय. आज जिना चढताना धाप लागली. गजेंद्रभाईंना बीपीचं सांगू का? दोन दिवस इथेच राहीन, परत पांडा बघेन."

मी म्हणालो, "आता कशाला? फॉर्मवर नाही म्हणून लिहिलंय. मला खोटं पाडशील. गोळी घे आणि सगळ्यांबरोबर जा."

"बरं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी हिंमतराव फाटकाशी उभे होते.

तिचं दहन तिकडेच झालं. गजेंद्रभाईंनी अस्थी आणल्या, पांढरी बरणी, झाकण मेणानं बंद. दहाव्याला चांदोदला जाऊन नर्मदेत सोडायच्या असं गुरुजी म्हणाले. मुग्धा पुण्याहून आली होती, ती मध्ये पडली. "आई कशानं गेली ते कळल्याशिवाय बरणी हलणार नाही," म्हणाली. बाकीचे विधी घरी झाले. बरणी देवघरात राहिली. मुग्धानं ग्राहक न्यायालयात द्यायची तक्रार लिहून काढली. धाप लागलेल्या म्हाताऱ्या बाईला गजेंद्रभाईंनी डोंगरावर चढवलं, असं बरोबरच्यांकडून ऐकून तिचं म्हणणं होतं. तिनं मला तो कागद वाचायला दिला. मी एका वाक्यातला शब्द दुरुस्त करून परत दिला.

चौदाव्याचं गोड जेवण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गजेंद्रभाईंना घरी बोलावलं. ते आले, हातात फाइल. माणूस पंधरा दिवसांत उतरला होता. त्यांच्या लहानपणी शेजारी सगळे मराठी, त्यामुळे मराठी बोलतात.

"बेसो," मी म्हणालो. ते बसले आणि फाइल मांडीवर उलटी ठेवली.

मुग्धानं मृदुलाच्या कॅमेऱ्यातला रोल रावपुऱ्यात धुवून आणला होता. तिनं फोटो एकेक करून टेबलावर मांडले. पांडाचे अकरा होते. पांडा पाठमोरा, पांडा झाडावर, पांडाचं पिल्लू दुलईत. मग मुखवटे. मग चहाच्या बागेत बांबूच्या खुर्चीवर मृदुला, हातात झाकणाची वाटी. शेवटच्या फोटोत ती लाकडी पायऱ्यांवर बसली होती आणि मागे निळं पाणी होतं. ती हसत होती, पण एक हात कठड्याला घट्ट धरलेला होता.

"हा कोणी काढला?" मुग्धानं विचारलं.

"मी, बेन."

"तिचा चेहरा बघितलात?"

"बघितला. मी विचारलं, मृदुलाबेन, काही होतंय का? त्या म्हणाल्या, जरा धाप. तिथे प्राणवायूची पिशवी विकत मिळते, ती घेऊन दिली. म्हटलं, आपण परत जाऊ. त्या म्हणाल्या, नको, सगळ्यांबरोबर जाते."

ते शब्द माझे होते. मी टेबलाकडे बघत राहिलो.

"तुम्ही आरोग्याचा फॉर्म घेता ना?" मुग्धा म्हणाली. "आईचा दाखवा."

गजेंद्रभाईंनी फाइलवर हात ठेवला. "ऑफिसात राहिला."

"मग या फाइलीत काय आहे?"

"विमानाचे कागद."

ते खोटं बोलत होते. फाइलीच्या कडेतून फॉर्मचा कोपरा बाहेर आला होता, माझी निळी शाई मला ओळखू येत होती. त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

"ठीक आहे," मुग्धा म्हणाली. "उद्या मी तक्रार देते. फॉर्म तिथेच दाखवा. बाबा, तुम्हालाही सही करावी लागेल." तिनं कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेन ठेवलं. पेन माझंच होतं.

मी ते उचललं. टोपण काढलं. सही करायची जागा तिनं फुलीनं दाखवली होती. गजेंद्रभाई चपलांकडे बघत होते. त्यांना दोन मुली आहेत, घर टूरवर चालतं. मी टोपण परत लावलं.

"फाइल उघडा, गजेंद्रभाई."

"काका, रहेवा दो."

"उघडा."

मुग्धानंच उघडली. फॉर्म वाचत ती खाली आली आणि अकराव्या रकान्याशी थांबली.

"हे अक्षर तुमचं आहे, बाबा."

"हो."

"आईला बीपी होतं हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

स्वयंपाकघरात बाई भांडी घासत होती. मुग्धानं फॉर्म खाली ठेवला आणि डोळे पुसले. मग एकदम मऊ आवाजात म्हणाली, "आईनंच हट्ट केला असणार. बीपी लिहिलं तर वर नेणार नाहीत म्हणून. तुम्ही तिला कधी नाही म्हणालात? तिनं सांगितलं आणि तुम्ही लिहिलंत."

गजेंद्रभाईंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

मी मुग्धाला तिथेच नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. मी चहाचे कप उचलले आणि आत गेलो. नळाखाली ते दोनदा धुतले. बाहेर आलो तेव्हा मुग्धानं तक्रारीचा कागद फाडला होता आणि ती गजेंद्रभाईंची माफी मागत होती.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. ते म्हणाले, "काका, बाकी सगळ्यांचे फॉर्म मी वाचले, बीपीचं तोंडीही विचारलं. तुमच्या सोसायटीचे सात वाचलेच नाहीत. तुमचं अक्षर बघितलं आणि शिक्का मारला."

त्यांनी स्कूटर सुरू केली.

तेव्हापासून मुग्धा शांत आहे. काल तिनं पांडाचा एक फोटो आईच्या तसबिरीला टेकवून ठेवला आणि म्हणाली, "हट्टी होती, पण बघून तर आली." मी हो म्हणालो.

रविवारी आम्ही दोघं अस्थी घेऊन चांदोदला जाणार आहोत. हिंमतरावांनी गाडी सांगून ठेवली आहे. सोमवारी मुग्धा पुण्याला परत जाईल. फोनवर मृदुलानं काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं, ते तिला सांगायचं अजून राहिलं आहे.