हिल्डाची पाई

त्या वर्षी लाळ्या-खुरकुताची साथ आमच्या खोऱ्यात शिरली आणि सरकारी माणसांनी आयझॅक रेल्फचा कळपच्या कळप मारून टाकला. त्याच्या एकाही मेंढीला रोग नव्हता. शेजाऱ्याच्या जनावरांना झाला, तेवढं पुरलं. तेव्हापासून आयझॅकने घराबाहेर पडणंच सोडलं.

त्याची धाकटी बहीण हिल्डा माझ्या पबचं स्वयंपाकघर सांभाळायची. तिच्या हातची शेफर्ड्स पाई खायला लोक डोंगर उतरून येत. खाली मेंढीच्या मटणाचा खिमा, वर कुस्करलेला बटाटा, भट्टीतून निघालेला खरपूस थर. त्या हिवाळ्यात खोऱ्यातलं मटण मिळेना, आणि परक्या मेंढ्यांचं मागवायला हिल्डाचं मन होईना. ती शहरातून आणलेला गाईचा खिमा घालू लागली आणि फळ्यावर नाव लिहिलं कॉटेज पाई. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. त्याचं नाव मेंढीच्या मांसालाच द्यायचं, यात आमच्याकडे कुणी तडजोड करत नाही.

एका रविवारी दुपारी ती भावाला जवळजवळ ओढतच घेऊन आली. तो कोपऱ्यात ताटली घेऊन बसला. तेवढ्यात एका पाहुण्या बाईंनी शेफर्ड्स पाई मागितली. ती नाही, कॉटेज पाई आहे म्हटल्यावर त्यांनी हसत विचारलं, दोन्ही एकच ना?

"एक कशा असतील, बाई?" हिल्डा म्हणाली. "मेंढ्याच उरल्या नाहीत, तर मेंढपाळाचं नाव कुठून लावू?"

बोलून गेली आणि तिचा चेहरा उतरला. आयझॅकने काटा खाली ठेवला.

"मेंढ्या गेल्या, हिल्डा. मी आहे अजून."

कित्येक महिन्यांनी तो चारचौघांत बोलला होता.

टॉमस बिर्केट तिथेच उभा होता. तो डोंगरापलीकडचा, त्याच्या बाजूला साथ पोचली नव्हती. आपल्या काही मेंढ्या आयझॅकला द्याव्यात असं त्याच्या मनात होतं, पण विचारायचा धीर होत नव्हता. आता तो ग्लास घेऊन आयझॅकसमोर बसला आणि म्हणाला, वसंतात माझ्या कळपातल्या थोड्या माद्या घेऊन जा. आयझॅकने नकारार्थी मान हलवली. त्या तुझ्या उतारावर वाढलेल्या, म्हणाला, माझ्याकडून पळून परत तुझ्याकडेच येतील.

"येतील की. मग तू जा त्यांच्या मागे. नाहीतरी घरात बसून काय दिवे लावतोयस?"

आयझॅक हसला.

जनावरं हलवण्यावरची सरकारी बंदी उठल्यावर मेंढ्या आल्या. आमच्या डोंगराला कुंपण नाही. आपली हद्द कोकरू आईकडून शिकतं. या मेंढ्यांना ती शिकवायला आयझॅकच होता. उजाडताच तो कुत्र्याला घेऊन डोंगराच्या धारेवर जायचा आणि पलीकडे निघालेल्या मेंढ्या वळवून आणायचा. थकला की हिल्डा जायची, कधी मी. पाऊस, वारा, शिव्या, सगळं झालं. दोन म्हाताऱ्या मेंढ्या काही ऐकेनात. त्या टॉमसकडेच राहिल्या.

बाकीच्या पुढच्या वसंतात आमच्याच उतारावर व्याल्या. शेवटची व्याली त्या संध्याकाळी आयझॅक पहिल्यांदाच पहारा सोडून घरी आला आणि गाढ झोपला. सकाळी मेंढ्या कोकरांसकट जिथल्या तिथे चरत होत्या.