सालोमीबाईंच्या माडाचा दोर

नागावच्या सालोमीबाईंचा देवावर पूर्ण भरवसा होता आणि माणसांवर अजिबात नव्हता. रोज संध्याकाळी त्या फाटकाला कुलूप घालीत, दोनदा ओढून पाहत, आणि मग प्रार्थनेला बसत. "प्रभू, मी एकटी बाई. तुझी माया घराभोवती राहू दे. आणि त्या काळूरामला लांब ठेव."

काळूराम शेजारच्या हर्षदच्या वाडीत नारळ पाडायचा. माडावर चढला की त्याची नजर हटकून बाईंच्या परसात. मागे वादळात स्वयंपाकघरामागचा त्यांचा माड कलला होता, त्याचेच नारळ हा मोजतो अशी बाईंची खात्री. एकदा तो काही सांगायला फाटकाशी आला, तर त्याने तोंड उघडायच्या आत बाईंनी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं "चोर" म्हणून त्याला हाकललं.

मग एका रविवारी चर्चहून परतल्यावर त्यांना त्या माडाला वर शेंड्याजवळ जाड दोर बांधलेला दिसला. दुसरं टोक हर्षदच्या आंब्याच्या बुंध्याला. चोरांची तयारी, दुसरं काय! बाईंनी कोयत्याने खालपर्यंत आलेला दोर तोडला आणि पुरावा म्हणून खाटेखाली ठेवला. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. डोळे उघडे ठेवल्याबद्दल त्यांनी प्रभूचे आभारसुद्धा मानले.

चौथ्या रविवारी त्या चर्चला निघाल्या आणि कोपऱ्यावरूनच माघारी आल्या. काळूराम माडाच्या अर्ध्यावर होता. कोयता घेऊन बाई खाली उभ्या राहिल्या.

"उतर. आज सापडलास."

"बाय, तुमी आदी बाजूला व्हा," तो वरून म्हणाला. "माड सुटलाय. बुडाशी पडलेल्या झावळ्या उचलून बगा."

बाईंनी कोयत्याच्या टोकाने झावळ्या सरकवल्या. खाली जमीन फाटली होती, मुळं उघडी पडली होती. माड कलला होता तो थेट त्यांच्या खाटेवरच्या कौलांकडे.

"कलत चाललेला वरनं कवाचा दिसतोय. तुमी बोलू देत न्हाय, म्हनून ऐतवारी येतो. पन बांदलेला दोर कोन तरी कापतंय. कोन आसंल वो?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज संध्याकाळी जे मागत होत्या ते दर रविवारी दारात येत होतं, आणि त्या कोयता घेऊन ते तोडत होत्या. त्या आत गेल्या, खाटेखालचे तिन्ही दोर ओढत परसात आणले.

"मीच कापले," त्या म्हणाल्या.

काळूराम खाली उतरला. एकेक दोर उचलून त्याने ताणून पाहिला.

"गाठी मारून चालतील," तो म्हणाला.

दोघांनी मिळून गाठी मारल्या आणि माड आंब्याला ओढून बांधला. संध्याकाळी बाईंनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि प्रार्थनेला बसल्या. काळूरामचं नाव आलंच. उद्या त्याला हर्षदच्या सगळ्यात उंच माडावर चढायचं होतं आणि वारा सुटला होता. त्याला सांभाळ, असं त्यांनी प्रभूला दोनदा सांगितलं.